विचारा की! : विजापूरच्या जामा मशिदीला मिनार का नाहीत?

मागच्या अंकात मी विजापूरच्या सहलीबद्दल दोन पॅराग्राफ काय लिहिले, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस पडला. गोल घुमटाबद्दल फारसं कुणी विचारलं नाही, तो सगळ्यांना शाळेच्या सहलीपासून पाठ आहे, पण जामा मशिदीवर मात्र इतके प्रश्न आले की म्हटलं या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देऊन टाकावं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी मला "मास्तर, तुम्ही चुकलात" असं लिहिलंय त्यांना सगळ्यात आधी घेतो.

मास्तर, तुम्ही मागच्या वेळी लिहिलंत की जामा मशीद इब्राहिम आदिलशहानं बांधली. माझ्या माहितीप्रमाणे ती अली आदिलशहाची आहे. खरं काय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

खरं तुमचं. मी घाईत लिहून गेलो, डोक्यात इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिमची कबर, होता आणि हातानं मशीद लिहिली. मशीद पहिल्या अली आदिलशहाची, तो गादीवर होता १५५८ ते १५८० आणि इब्राहिम रोजावाला दुसरा इब्राहिम हा त्याचा पुतण्या, त्याच्यानंतरचा. पण एक सांगतो, "अलीनं बांधली" हेही अर्धंच खरं आहे बरं का. त्यानं काम सुरू केलं, मधला मोठा भाग उभा केला आणि काम राहून गेलं ते राहूनच गेलं. आतला सोनेरी मेहराब, म्हणजे नमाजाच्या भिंतीतला कोनाडा, आहे तो साठेक वर्षांनी महंमद आदिलशहाच्या काळात झाला आणि पूर्वेकडचा दरवाजा तर औरंगजेबानं घातला, म्हणजे ज्यानं आदिलशाही बुडवली त्यानंच. तेव्हा "कुणी बांधली" असं एका नावात उत्तर मागू नका, आपल्याकडं जुन्या वाड्यात कसं आजोबांनी जोतं घातलं, बापानं माडी चढवली आणि नातवानं पुढं पत्र्याची शेड काढली असं असतं, तसलाच प्रकार आहे हा.

एवढी मोठी मशीद आणि मिनार कसे काय नाहीत? पडले की पाडले? (एक कॉलेजकुमार, सात रस्ता)

पडले नाहीत, पाडलेही नाहीत, झालेच नाहीत. गाईड लोक कधीकधी वीज पडली वगैरे सांगतात, ऐकून घ्या आणि सोडून द्या. काम अपुरं आहे हे बघायला तज्ज्ञ व्हायची गरज नाही, अंगणात उभं राहून चारी बाजूंना सावकाश नजर फिरवा, पश्चिमेची नमाजाची बाजू कशी भरीव आणि देखणी झालीये आणि पूर्वेकडं येता येता हात कसा आखडता झालाय ते आपोआप दिसतं.

आता हात आखडला का. अलीनं तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर हे काम काढलं असं सर्वसाधारणपणे मानतात, काही जण १५७६ सांगतात. पैसा होता, विजयनगरची लूट होती. पण या माणसानं एकाच वेळी किती कामं काढली होती बघा, शहराभोवतीचा तट त्याचा, गगन महाल त्याचा, शहरात पाणी आणायची कामं त्याची, आणि वर ही मशीद. आणि १५८० मध्ये त्याचा खून झाला. मूल नव्हतं. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या, दरबारात कारभारी कोण यावरून मारामाऱ्या. अशा वेळी मिनाराचा दगड कोण चढवणार हो? पुढं तोच पुतण्या मोठा होऊन फार रसिक राजा निघाला, पण त्याचा जीव गाण्यात आणि स्वतःच्या नव्या बांधकामांत, काकाच्या अर्ध्या कामात नाही. आपल्याकडंही बघा की, मागच्या नगरसेवकानं काढलेला हॉल नवा नगरसेवक कधी पूर्ण करतो का?

आमचे वडील म्हणायचे की सोलापूरचा किल्ला चांदबिबीला हुंड्यात दिला होता. हे खरं का? आणि त्याचा या मशिदीशी काही संबंध आहे का? (एक ताई, बाळीवेस)

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, किंवा ते नसतील तर त्यांच्या आठवणीला नमस्कार. खरं आहे, आणि संबंध तर असा आहे की मला वाटतं या मशिदीची गोष्ट सोलापुरातूनच सुरू करायला पाहिजे, पण गाईड ती कधी तिथून सुरू करत नाही कारण त्याला आपलं गाव माहीतच नसतं.

जरा मागून सांगतो. बहमनी राज्य फुटलं तेव्हा विजापूर आदिलशहाकडं गेलं आणि अहमदनगर निजामशहाकडं, आणि सोलापूर बरोबर दोघांच्या मधे. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं, मरियमचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झालं, तेही इथं सोलापुरातच, आणि बोली अशी की सोलापूर नवरीबरोबर निजामशहाला द्यायचं. लग्न झालं, नवरी गेली, किल्ला काही गेला नाही. विजापूरवाले म्हणाले असं काही ठरलंच नव्हतं. झालं! तिथून पुढची कितीतरी वर्षं या एका किल्ल्यापायी दोन्ही घरं लढत राहिली. हुंड्यावरून इतकी रक्तं सांडलेली दुसरी केस इतिहासात शोधावी लागेल.

त्या भांडणात अली आदिलशहानं काय केलं तर विजयनगरच्या रामरायाशी दोस्ती केली. साधी नाही, रामरायाचा मुलगा वारला तेव्हा हा स्वतः भेटायला गेला आणि रामरायाच्या बायकोनं याला मुलगा मानलं, असं फिरिश्ता लिहितो, आणि फिरिश्ता हा विजापूरच्या दरबारातच बसून लिहिणारा माणूस. दोघांनी मिळून अहमदनगरला पार जेरीस आणलं. पण मग रामराया सगळ्यांनाच जड व्हायला लागला तशी सुलतानांची एकी करायचं ठरलं आणि एकी करायची म्हणजे आधी सोलापूरचा काटा काढायला पाहिजे होता. तो असा काढला की हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर दिलं, उलट अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली. साटंलोटं म्हणा ना सरळ! चाळीस वर्षांपूर्वी जो किल्ला विजापूरकडून नगरला हुंडा म्हणून जायचा होता तो आता नगरकडून विजापूरला हुंडा म्हणून आला.

आणि मग जानेवारी १५६५ मध्ये तालिकोट. रामराया मारला गेला, विजयनगर लुटलं गेलं आणि त्यातला पैसा विजापूरच्या बांधकामांत गेला. म्हणजे मशिदीच्या पायाचा एक दगड, असं म्हणायला हरकत नाही, आपल्या भुईकोटातला आहे. (अलंकारिक अर्थानं म्हणतोय, उद्या कुणी कुदळ घेऊन जाऊ नका.)

चांदबिबीचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच, अली गेल्यावर त्या नऊ वर्षांच्या पुतण्याचा कारभार तिनं बघितला, दरबाऱ्यांनी तिला एकदा साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलंसुद्धा, आणि शेवटी माहेरी जाऊन १५९५-९६ मध्ये मोगलांसमोर अहमदनगरचा किल्ला लढवला. आपण तिला नगरची म्हणून ओळखतो पण तिची ऐन उमेदीची वर्षं विजापुरात गेली, आणि मशिदीचं काम चालू असताना ती तिथली बेगम होती.

जामा मशीद म्हणजे जुम्म्याची मशीद ना? मग काही लोक जामी का म्हणतात? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

दोन्ही बरोबर, मूळ एकच. अरबीत ज-म-अ या धातूचा अर्थ एकत्र येणं, गोळा होणं. त्यातूनच जामी म्हणजे सगळ्यांना गोळा करणारी, जुम्मा म्हणजे सगळे गोळा होतात तो वार. आणि हा धातू आपल्याला परका अजिबात नाही, आपण रोज बँकेत पैसे जमा करतो, चौकात जमाव जमतो, शेतसाऱ्याची जमाबंदी होती, जमाखर्च लिहितो, जमात म्हणतो, सगळी एकाच घरची मंडळी. शहरात मशिदी बऱ्याच असतात पण शुक्रवारची मोठी नमाज जिथं सगळ्या गावानं मिळून करायची ती ही. म्हणून ती एवढी मोठी लागते.

तिथं जमिनीवर चौकोन आखलेत ते कशासाठी? आमच्या गाईडनं सांगितलं की औरंगजेबानं सोन्याची साखळी नेली आणि त्याच्या बदल्यात हे चौकोन काढून दिले! (एक गृहिणी, विजापूर रोड)

गाईडची गोष्ट नवी नाही, शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वर्णनांतही ती आहे. मखमलीचे गालिचे आणि सोन्याची साखळी बादशहानं नेली आणि उघडी पडलेली जमीन रंगवून आखून दिली, अशी ती गोष्ट. चौकोन मात्र गोष्ट नाहीत, समोर दिसतात, नमाजाच्या चटईच्या आकाराचे, एका माणसाला एक. सव्वादोन हजारांच्या वर आहेत. थेटरात सीट नंबर असतात तसं समजा, रांग सरळ राहते आणि कुणी कुणाच्या पाठीत गुडघा मारत नाही.

औरंगजेबाचं आणि सोलापूरचंही इथं एक नातं आहे ते ओघात सांगून टाकतो. १६६८ च्या तहात सोलापूर आदिलशाहीच्या हातून मोगलांकडं गेलेलं होतं, त्यामुळं १६८५ मध्ये बादशहा विजापूर घ्यायला निघाला तेव्हा त्यानं मुक्काम कुठं टाकला तर आपल्याकडं, सोलापुरात. मुलाला वेढ्यावर पाठवलं, स्वतः इथं बसून राहिला, वेढा रखडला म्हणून १६८६ च्या पावसाळ्यात स्वतः विजापूरला गेला आणि सप्टेंबरात सिकंदर आदिलशहा शरण आला. तेव्हा मशिदीचा पूर्वेचा दरवाजा बघाल तेव्हा लक्षात ठेवा, तो घालणारा त्याआधी वर्षभर आपल्या गावचं पाणी पिऊन गेला होता. पुढं १६९५ पासून चार वर्षं ब्रह्मपुरीला, माचणूरपाशी भीमेच्या काठी त्याची छावणी होती, ते तर मंगळवेढ्याची पोरंसोरंही सांगतील.

सोन्याच्या मेहराबाबद्दल खूप ऐकलंय. त्यावर काय लिहिलंय? (एक निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन)

बाई, तो बघितल्याशिवाय परत येऊ नका. मेहराब म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा, ज्याच्याकडं तोंड करून नमाज पढतात. बाकी मशीद इतकी साधी की नुसत्या पांढऱ्या कमानीच कमानी, आणि मग अचानक त्या भिंतीवर सोनं, निळा, लाल. त्यात खोटे कोनाडे रंगवलेत, म्हणजे सपाट भिंतीवरच असं चितारलंय की आत खोल फडताळ आहे आणि त्यात पुस्तकं ठेवलीत, फुलदाण्या ठेवल्यात, साखळीनं दिवे टांगलेत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा क्षणभर पुस्तकं खरीच वाटली. पडदा ओढलेला असला तर तिथल्या माणसाला नीट विनंती करा, आपल्या सोलापुरी दख्खनीत बोललात तर काम लवकर होतं असा माझा अनुभव आहे.

लिहिलंय फारसीत, आणि आशय असा की आयुष्यावर भरवसा ठेवू नका ते थोडं आहे, या नाशिवंत जगात विसावा नाही, जग इंद्रियांना गोड लागतं, जगणं ही सगळ्यात मोठी देणगी पण ती टिकत नाही. आणि मग करणाऱ्याचं नाव, मलिक याकूत, स्वतःला मशिदीचा सेवक आणि सुलतान महंमदाचा गुलाम म्हणवतो. साल हिजरी १०४५, म्हणजे १६३५-३६.

आता हे साल बघा आणि त्या ओळी परत वाचा. तेच ते वर्ष जेव्हा शहाजहानच्या फौजा आदिलशाही मुलखात गावंच्या गावं जाळत फिरत होत्या, आणि राजधानीला वेढा पडू नये म्हणून विजापूरकरांनी भोवतालचा मुलूख पाण्याखाली घातला आणि उजाड करून टाकला. १६३६ च्या मे महिन्यात तह झाला, निजामशाही संपली, तिची वाटणी झाली, शहाजीराजे आदिलशाहीत आले. आणि त्या वाटणीत, परत एकदा, आपलं सोलापूर! मधे मलिक अंबरनं ते विजापूरकडून काढून घेतलं होतं, ते या तहात आदिलशहाला परत मिळालं. हातात सोन्याचा वर्ख घेऊन कारागीर आत भिंतीवर फुलं काढतोय आणि बाहेर हे चाललंय. मग तो आयुष्याचा भरवसा नाही असं लिहील नाहीतर काय लिहील?

या मशिदीत देवळाचे खांब वापरलेत असं ऐकलं. खरं सांगा, टाळू नका. (दोघातिघांचा प्रश्न, एकत्र घेतलाय)

टाळत नाही. जामा मशिदीत तुम्हाला तसे कोरीव खांब दिसणार नाहीत, तिथं सगळे जाड चौकोनी खांब, कमानी आणि चुन्याचा गिलावा, नवं बांधकाम. तुम्ही ज्याबद्दल ऐकलंय ती वेगळी मशीद आहे, अर्किल्ल्यातली, म्हणजे विजापूरच्या आतल्या किल्ल्यातली करीमुद्दीनची मशीद, आणि तिच्यात देवळांचे खांब आहेत, उघड आहेत, लपवलेले नाहीत. ती आदिलशाहीच्या कितीतरी आधीची, १३२० ची, दिल्लीच्या खिलजींचा अंमल इथवर पोचला तेव्हाची.

पण त्या मशिदीतली मला जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या शिलालेखात बांधणाऱ्याचंही नाव आहे, रेवोया, साळोटगीचा सुतार. साळोटगी म्हणजे इंडी तालुक्यातलं, भीमा ओलांडली की आलंच आपलं. ज्या गावात ९४५ सालचा राष्ट्रकूट काळातला शिलालेख आहे, पाठशाळेबद्दलचा, दूरदूरची पोरं शिकायला यायची म्हणून त्यांच्या राहायची सोय केल्याचा, त्याच गावचा हा कारागीर. देवळाचे खांब उतरवून मशीद करायला सांगितली तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल हे मी पुष्कळदा इमॅजिन करायला बघतो आणि मला जमत नाही. त्याचं नाव मात्र सुभेदार करीमुद्दीनच्या नावाबरोबर दगडावर राहिलं, सातशे वर्षं.

मी सिव्हिल डिप्लोमाला आहे. सर म्हणतात गोल घुमटाचं खरं टेक्निक जामा मशिदीत आहे. म्हणजे काय? (एक विद्यार्थी)

तुझे सर चांगले आहेत, सांभाळ त्यांना. कागद घे. नमाजाचा हॉल नऊ खण रुंद आणि पाच खण खोल, म्हणजे पंचेचाळीस खण. त्यातले मधले तीन गुणिले तीन, नऊ खण मोकळे करून त्यावर एकच मोठा घुमट. तीन बाय तीनच्या जाळीला सोळा खांब लागतात, मधले चार काढले की उरले बारा, त्या बारांवर घुमट. उरलेल्या छत्तीस खणांवर छोटे घुमट आहेत पण ते इतके चपटे की बाहेरून कळतही नाहीत, वर गच्चीच वाटते.

आता खरी गंमत. चौकोनावर गोल ठेवायचा कसा? परात चौरंगावर ठेवली तर कोपरे उघडे राहतात ना, तसं. इथं त्यांनी प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन-दोन खांबांवरून, म्हणजे आठ खांबांवरून, तिरक्या कमानी एकमेकींना छेदत टाकल्या. वर बघितलंस की दोन चौकोन एकावर एक फिरवून ठेवल्यासारखी आठ टोकांची चांदणी दिसते, आणि मधे उरतो अष्टकोन, तो मूळ चौकोनापेक्षा बराच लहान. घुमट त्यावर. फायदा दुहेरी आहे, एक तर घुमट लहान झाला, आणि दुसरं, भिंतीपासून आत झुकलेलं हे सगळं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमट बाहेर रेटतो, दोघं एकमेकांना आवरतात. इथला घुमट आतून सुमारे ५७ फूट. हीच युक्ती ऐंशीएक वर्षांनी महंमद आदिलशहाच्या कबरीवर वापरली तेव्हा घुमट गेला आतून सुमारे १२४ फुटांवर, आणि खाली एकही खांब नाही. म्हणजे मशीद ही गोल घुमटाची रंगीत तालीमच.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली मशीद जास्त जुनी आहे ना? तिच्यावर लिहा की. ती स्पेनमधल्या मशिदीची कॉपी आहे म्हणतात. (एक रेल्वे कर्मचारी)

जुनी आहे, दोनशे वर्षांनी जुनी. शिलालेखात १३६७ साल आहे, बहमनी राज्य स्थापन होऊन वीसच वर्षं झाली होती, आणि नाव आहे रफी, इराणातल्या कझवीन गावचा. तिची खासियत ही की तिला अंगणच नाही, सगळीच्या सगळी छताखाली, २१६ फूट बाय १७६ फूट, आणि आत अशा बुटक्या पण ऐसपैस पसरलेल्या कमानी की आवाज आपोआप खाली येतो.

स्पेनमधल्या कॉर्डोव्हाशी तुलना सगळे करतात, मला ती पटत नाही. तिथं मोठं अंगण आहे, संत्र्याची झाडं आहेत, एकावर एक दुहेरी कमानी आहेत आणि वर लाकडी छत, इथं अंगण नाही आणि वर घुमटच घुमट. दोन्ही आत खूप कमानी आहेत एवढ्यावरून कॉपी म्हणायचं तर मग आपला धान्यबाजारही कॉर्डोव्हाच झाला. त्यापेक्षा जास्त विचार करायला लावणारं म्हणणं हेलन फिलॉन या अभ्यासक बाईंचं आहे, की ही मुळात मशीद नसून फिरोजशहा बहमनीचा, म्हणजे १३९७ ते १४२२ च्या काळातला दरबारी हॉल असावा, हजार खांबांचा महाल म्हणतात तसला. शिलालेखाचं साल आणि ही इमारत, दोघांची जोडी मग मोडते. सगळ्यांना हे मान्य नाही. पण अंगण का नाही या प्रश्नाचं उत्तर त्यात बसतं हे मात्र खरं. तुम्ही रेल्वेवालेच आहात, दीड-दोन तासांची गाडी, जाऊन या आणि काय वाटतं ते कळवा.

एका दिवसात जाऊन यायचंय, बरोबर सासूबाई आणि दोन लहान मुलं. आधी गोल घुमट की आधी मशीद? (एक वाचक भगिनी, होटगी रोड)

आधी मशीद. सगळे उलटं करतात, स्टेशनाजवळ म्हणून आधी गोल घुमटात शिरतात, पोरं वर जाऊन ओरडून ओरडून थकतात, सासूबाई जिन्याखाली बसून राहतात आणि मशिदीत पोचेपर्यंत दुपार होऊन सगळ्यांचं डोकं तापलेलं असतं. मीही शाळेत असताना असाच गेलो होतो, मशीद बसच्या खिडकीतून दाखवली होती आम्हाला.

इथून सकाळी लवकर निघा, रस्ता आता चांगला झालाय, शंभर किलोमीटर म्हणजे काही नाही, टाकळीचा पूल ओलांडला की कर्नाटक, झळकीला चहा घ्या. मशिदीचा हॉल पूर्वेकडं उघडतो त्यामुळं सकाळचं ऊन थेट आत येतं, कमानींच्या सावल्या फरशीवर लांब पडतात आणि तेवढा वेळ ती जागा जशी दिसते तशी दुपारी दिसत नाही. डोक्यावर पदर-ओढणी असू द्या, चपला बाहेर, शुक्रवार दुपार टाळा कारण नमाज असते. चढ-उतार नाही, सासूबाईंना त्रास नाही. मुलांना घुमटाखाली उताणं झोपवा आणि वरच्या चांदणीची टोकं मोजायला सांगा, आठ आली की मग गोल घुमटाला न्या आणि तिथं परत मोजायला लावा. आणि डबा घरूनच न्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तिकडं जेवण मिळतं पण मुलांचं काही सांगता येत नाही.